डावीकडची जागा

१९६८ सालचा डिसेंबर. शुक्रवारची दुपार.

"नाना रविवारी येणार आहेत," ह्यांच्या ताटात वांग्याचं भरीत वाढत मी म्हटलं. "त्यांच्याबरोबर माहेरी, सावद्याला जाते म्हणते."

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला आणि तोंडात टाकला.

"अहो, मी काय विचारतेय? जाऊ का?"

जेवण झालं, हात धुतले, खुंटीवरची पिशवी घेतली आणि हे बाहेर पडले. माझं लक्ष कोनाड्याकडे गेलं. रात्री धुऊन, वाळवून, घट्ट गुंडाळून ठेवलेल्या हाताच्या पट्ट्या तिथेच होत्या. ग्लोव्ह्जच्या आत ह्या पट्ट्या बांधल्याशिवाय कुणी बॉक्सर रिंगमध्ये उतरत नाही. मी दारात धावले.

"अहो! पट्ट्या राहिल्या!"

शेजारच्या क्वार्टरमधली बाई बाहेर आली. समोर लिंबाखाली सायकल पुसणाऱ्या माणसाने वर पाहिलं. ज्याला हाक मारली होती, तो मात्र ताठ मानेने चालत राहिला.

"पह्यले असा नव्हता व तो," सासूबाई आतून म्हणाल्या. "नाव झालं अन् डोक्यात गेलं."

नाव झालं होतं हे खरं. माझे यजमान पुंडलिक फेगडे लोको शेडमध्ये फिटर होते आणि रेल्वेच्या मुष्टियुद्ध संघात होते. पोस्टरवर त्यांना 'भुसावळचा फौलाद' म्हणत. बाकी बोलणं फार चांगलं नव्हतं. बाजारातून जाताना लोक "फेगडे! ओ फेगडे!" ओरडत, हे मान वळवत नसत. खरगपूरला, अजमेरला घंटा झाल्यावरही ह्यांनी ठोसे मारले म्हणून पेपरात छापून आलं होतं. 'राक्षसी खेळ' असा मथळा होता. माजोरडा, शिष्ट, जनावर, काय काय म्हणत लोक.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. दीड वर्षात हे माझ्याशी जेवढं बोलले ते सगळं एका पानावर मावलं असतं. पण माझा एक आधार होता. हा माणूस जगाशीच असा वागतो. मग माझ्याशी तसंच वागला, तर त्यात माझा वेगळा असा अपमान कुठे होता? त्या आधारावर मी राहत होते. तरी शेवटी जीव विटला आणि मी वडिलांना, नानांना, निरोप धाडला, मला न्यायला या. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. ट्रंक भरून पलंगाखाली सरकवून ठेवली होती. मी विचारलं होतं ते त्यासाठी. 'नको जाऊस' एवढं जरी हे म्हणाले असते, तरी मी ट्रंक रिकामी केली असती.

पट्ट्या घेऊन मी रेल्वे इन्स्टिट्यूटला, कामगारांच्या क्लबला, निघाले. त्या वर्षी रेल्वेची मोठी स्पर्धा भुसावळला होती. सगळीकडून संघ आले होते आणि पटांगणात मांडव पडला होता. मी तिथे कधी गेले नव्हते. सासूबाईंच्या मते ती बायकांची जागा नव्हती.

फाटकाशीच गर्दी होती आणि मधोमध विलास कर्णिक उभा होता. मुंबईचा. गोरा, उंच, केस मागे वळवलेले. पेपरात त्याच्या नावामागे 'सभ्य' हा शब्द ठरलेला असे. लग्नाआधी मी त्याचा एक फोटो कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला होता, तो अजून तिथेच होता. हसत, प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवत तो सह्या देत होता. समोर फोटोग्राफर होता. मला वाटलं, बघा, असाही बॉक्सर असतो. ह्याच्या बायकोचं किती बरं असेल.

फोटोग्राफरने कॅमेरा पिशवीत घातला आणि तो चहाला गेला. आमच्या ओळखीचा म्हातारा पॉइंट्समन दौलतकाका तेव्हा कुठे कर्णिकपर्यंत पोचला होता.

"साहेब, नातीसाठी," त्याने कागद पुढे केला.

"झालं आता. चला, हटा."

"पोरीनं लई सांगितलंय, साहेब."

"हात बघ तुझे! ग्रीस लागलंय सगळं," म्हणत कर्णिकने आपली बाही झटकली आणि सोबत्याला म्हणाला, "कुठल्या गावात आणून टाकलंय आपल्याला."

दौलतकाका कागद घडी करत मागे सरला. मला त्याच्याहून जास्त लागलं, कारण तो फोटो माझ्या ट्रंकेत होता.

"काका, फेगडे कुठे असतील?"

"तुमचे मालक? मागच्या ओट्यावर. या, मी तिकडंच चाललोय."

मागच्या ओट्यावर भिंतीशी एक लांब बाक होता. त्याच्या अगदी डाव्या टोकाला, खांबाला खांदा टेकून, हे बसले होते. त्यांच्या उजवीकडे बाकावर, जमिनीवर, पायरीवर माणसंच माणसं. केबिनमन, चहावाला, हमाल, माल गोदामातले कारकून. आणि हे हसत होते. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. ह्यांचे वरचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले.

ह्यांच्या लगत, उजव्या हाताला, एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, सावळी, तरतरीत, खांद्यावर पिवळा रुमाल. ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती काहीतरी सांगे आणि हे पुन्हा हसत.

"ही कोण?" मी दौलतकाकाला विचारलं.

"ग्रेसबाई. बॉयलर शॉपच्या बेंजामिन सोनवण्याची पोर. लायब्ररीत असते इथल्या. तुमच्या मालकांची लई चाहती!"

दौलतकाका पुढे गेला. ह्यांनी खुणावून त्याला समोर बसवलं. ग्रेस ह्यांच्या कानाशी काही बोलली आणि ह्यांनी कागद गुडघ्यावर ठेवून विचारलं, "नातीचं नाव काय, काका? मोठ्यानं सांगा. नाव चुकलं तर पोरगी रुसेल."

एवढं लांब वाक्य मी दीड वर्षात ऐकलं नव्हतं.

ग्रेसने मला पाहिलं. "अय्या, वहिनी ना तुम्ही? चॅम्पियन, बघा कोण आलंय!"

ह्यांनी वर पाहिलं आणि हसू मिटलं. मी पट्ट्या पुढे केल्या. ह्यांनी त्या घेतल्या. बस्स. माझा आधार तिथेच, त्या ओट्यावर, संपला. हा माणूस घुमा नव्हता. तो फक्त माझ्याशी घुमा होता.

घरी जायला हवं होतं, पण गेले नाही. मांडवाच्या कनातीशी उभी राहून उपान्त्य सामना पाहिला. ग्रेस रिंगला लागून, पहिल्या रांगेत, ह्यांच्या कोपऱ्याशेजारच्या खुर्चीवर होती. प्रत्येक फेरीची घंटा झाली की ती उभी राहून पिवळा रुमाल हलवी. आणि हे काय करत? घंटा होताच तिच्याकडे पाहत, हात खाली टाकत आणि कोपऱ्यात जात. तिन्ही फेऱ्यांना हेच. लोक म्हणाले, फेगड्या सुधारला, आज घंटेनंतर एक ठोसा नाही. मी म्हटलं, सुधारेल नाही तर काय, समोर पिवळा रुमाल आहे.

सामना जिंकून हे घरी आले. जेवायला बसले. मी नेहमीच्या जागी, डावीकडे बसले. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, बायकोची जागा नवऱ्याच्या डाव्या अंगाला. बसताना, चालताना, निजताना. ती शिस्त मी मोडली नव्हती.

"ती ग्रेस कोण आहे तुमची?"

हे जेवत होते.

"माझ्यासमोर तोंड शिवलेलं आणि तिच्यासमोर दात निघतात! तिच्याशीच करायचं होतं लग्न. मला कशाला आणलं?"

ह्यांनी ताट पुढे केलं. "भाजी वाढ थोडी."

मी भाजी वाढली. पळी इतक्या जोराने आपटली की अर्धी पाटावर सांडली. ह्यांनी ती सांडलेली भाजी निमूट वेचून खाल्ली. त्याचाही मला राग आला.

रविवारी दुपारी नाना केळीचा घड घेऊन आले. ट्रंक पाहिली. म्हणाले, "नक्की ना, पोरी?"

"नक्की. आज अंतिम सामना आहे. तो पाहू आणि संध्याकाळच्या गाडीने जाऊ."

"आता कशाला पाहायचा?"

"एका बाईला बघायचंय."

सासूबाईही हट्टाने आल्या. मुलाचा सत्कार व्हायचा होता, अन् समोर कर्णिक होता. मी मुद्दाम लवकर जाऊन ती कोपऱ्याशेजारची खुर्ची धरली. नाना आणि सासूबाई माझ्या मागच्या रांगेत बसले. शेजारच्या खुर्च्यांवर रेल्वेचे साहेब लोक आले, डॉक्टर आले. मग ग्रेस आली आणि थबकली.

"वहिनी, ही माझी जागा आहे."

"नवरा माझा आहे. जागा तुमची कशी?"

मागून सासूबाई खाकरल्या. ग्रेसने साहेबांकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं, बसा तुम्हीच. पण हा रुमाल तरी घ्या. घंटा झाली की..."

"माझ्याकडे पदर आहे," मी म्हटलं.

ती गेली. मागे बायकांच्या घोळक्यात कुठेतरी तिचा पिवळा रुमाल दिसेनासा झाला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा घास गिळल्यासारखं वाटलं.

कर्णिक रिंगमध्ये आला तेव्हा मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. भुसावळचे लोक, पण टाळ्या त्याला. त्याने चारही दिशांना हात जोडले. हे आले, कुणाकडे न पाहता उभे राहिले, आणि मग सवयीने माझ्या खुर्चीकडे पाहिलं. मला पाहून ह्यांचा चेहरा असा झाला, जसा ऐन घाटात ब्रेक लागेनासा झालेल्या ड्रायव्हरचा होईल. मी मान ताठ केली. दुखलं ना? दुखू दे.

पहिल्या फेरीत ह्यांनी कर्णिकला दोरांपर्यंत मागे रेटलं. घंटा झाली. कर्णिकने हात खाली केले आणि ह्यांचे दोन ठोसे त्याच्या जबड्यावर बसले. पंच मध्ये घुसले. मांडवात एकच आरडाओरडा झाला. "राक्षस! बाहेर काढा त्याला!" कर्णिक जबडा धरून लोकांकडे पाहत गोड, दुखरं हसला. पंचांनी ताकीद दिली, गुण कापला आणि बोट दाखवून सांगितलं, आणखी एकदा झालं की बाद.

तेवढ्यात कुणीतरी माझ्या खुर्चीशी येऊन बसलं. ग्रेस होती. गर्दीतून घुसताना तिची बाही फाटली होती. ह्यांच्या कानाशी नेत असे तसं तिने तोंड माझ्या कानाशी आणलं.

"वहिनी, त्यांना घंटा ऐकू येत नाही."

"काय?"

"डावा कान साफ गेलाय. खरगपूरला ठोसा बसला तेव्हापासून. उजव्याने जवळ बोललेलं तेवढं येतं, गलक्यात काही नाही. माझे वडील बॉयलर शॉपच्या ठणठणाटात बहिरे झाले, म्हणून मी ओळखलं. डॉक्टरांना कळलं तर खेळ बंद, शेडची नोकरीही जाईल. ते ह्या खुर्चीकडे बघतात, वहिनी. रुमाल दिसला की थांबतात. आता इथे तुम्ही आहात."

घंटा झाली. दुसरी फेरी सुरू झाली. तिला मागे ढकललं गेलं, रुमाल तिच्याबरोबर गेला.

त्या फेरीत मी ठोसे पाहिलेच नाहीत. डावा कान, डावा कान एवढंच डोक्यात होतं. दीड वर्ष मी त्या कानाशी बोलत होते. सावद्याला जाऊ का विचारलं ते त्या कानाला. भांडले त्या कानाशी. उशीवर डोकं टेकून जे काही बोलले, ते सगळं त्या कानात. आणि ह्या बाईला उजवा मिळाला होता!

घंटा वाजली. मी उभी राहिले. डोक्यावरचा पदर ओढला, खांद्यावरूनही सुटला, आणि दोन्ही हातांनी तो डोक्यावर धरून मी हलवायला लागले. हिरवं इरकली लुगडं होतं, लाल काठाचं, लग्नातलं.

"द्वारका! खाली बैस! लाज सोडली का व?" सासूबाई ओरडल्या. नानांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

ह्यांनी वर उचललेला हात तसाच थांबला. नजर माझ्याकडे वळली. ह्यांनी दोन्ही हात खाली टाकले. आणि त्या उघड्या तोंडावर कर्णिकने एक ठोसा मारला. घंटेनंतर. सगळ्यांसमोर.

कुणी ओरडलं नाही. "ओघात लागला," माझ्या शेजारचे साहेब म्हणाले. "सभ्य माणूस आहे."

तिसऱ्या फेरीच्या शेवटीही मी उभी राहिले. तोवर सासूबाईंनी डोळ्यांवर हात घेतला होता.

निकाल एका गुणाने लागला. पहिल्या फेरीत कापला गेला, त्या एका गुणाने. कर्णिक जिंकला. फोटोग्राफर पुढे होताच कर्णिकने ह्यांना मिठी मारली.

मागच्या ओट्यावर दौलतकाका, चहावाला, हमाल, सगळे बाकापाशी येऊन उभे होते. ग्रेसही होती. हे बाकाच्या डाव्या टोकाला बसले, खांबाशी. उजवीकडची जागा मोकळी होती. ग्रेस एक पाऊल पुढे आली आणि माझ्याकडे पाहून थांबली. मी जाऊन तिथे बसले.

"कुणी सांगितलं?" ह्यांनी विचारलं. ओठ फुटला होता.

"तिने."

"तिला मी सांगितलं नव्हतं. तिनं ओळखलं."

"मी का नाही ओळखलं?"

गलक्यात ह्यांना ते ऐकू आलं नाही. मी उजव्या कानाशी वाकून पुन्हा विचारलं. ह्यांच्या कानाला घामाचा आणि कापुराच्या मलमाचा वास येत होता.

"तू कधी बोलतच नव्हतीस," हे म्हणाले. "मला वाटलं, बापाने गळ्यात बांधली म्हणून राहतेय. आवडत नसेन."

"मी रोज बोलत होते. डावीकडून."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आधी वाटलं हसताहेत.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"बहिऱ्याला पोरगी दिली म्हणून तुझे नाना त्याच दिवशी घेऊन गेले असते तुला."

नाना दोन हात अंतरावर उभे होते. ह्यांचा आवाज बहिऱ्या माणसाचा, चढा. नानांनी सगळं ऐकलं. ते पायरीवर बसले आणि चहावाल्याकडे चहा मागितला.

परतताना रुळांशेजारच्या रस्त्याने मी ह्यांच्या उजव्या हाताला चालत होते.

"डाव्या अंगाले हो," सासूबाई मागून म्हणाल्या.

"नाही होत."

"काय म्हणाली?"

"आत्याबाई, आजपासून मी ह्याच बाजूला. बसताना, चालताना, निजताना."

सासूबाई जागच्या जागी थांबल्या. नाना त्यांना म्हणाले, "चला विहीणबाई. गाडीची वेळ झाली माझी. एकट्यालाच जायचंय."

रात्री मी ट्रंक रिकामी केली. झाकणाचा फोटो चिकटून बसला होता, तो पाणी लावून खरवडून काढला. मग ह्यांच्या उजव्या बाजूला निजून मी पहिली गोष्ट काय विचारली असेल?

"ती तुम्हाला एवढं काय सांगायची, की तुम्ही हसायचात?"

"लोक माझ्याबद्दल काय काय म्हणतात, ते," हे म्हणाले. "राक्षस, माजोरडा. सगळं मला ऐकवायची. नाही तर मला कसं कळणार?"

उत्तर साधं होतं. तरी त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या संसारातलं पहिलं हसू तिने ऐकलं होतं आणि ते काही केल्या मला मिळणार नव्हतं.

त्या सामन्यानंतर वर्षभरात ह्यांनी आपण होऊन खेळ सोडला. शेडची नोकरी टिकली. गोंगाटात सगळेच बहिरे, कुणाच्या लक्षात आलं नाही. निवृत्तीनंतर इन्स्टिट्यूटच्या मागच्या ओट्यावर पोरांना शिकवत. पेपरात ह्यांच्यावर पुन्हा काही आलं नाही.

विलास कर्णिक मोठ्या हुद्द्यावर गेला. वारला तेव्हा पेपरांनी पहिल्याच ओळीत त्याला 'सभ्य' म्हटलं. दौलतकाकाची नात जळगावला शिक्षिका झाली. तिच्याकडे ह्यांच्या सहीचा तो कागद अजून आहे, ग्रीसच्या ठशासकट. नाना पंच्याहत्तर साली गेले. सासूबाईंनी शेवटपर्यंत मला उजवीकडे बसल्याबद्दल माफ केलं नाही, पण मुलाशी बोलायचं झालं की मला उठवून स्वतः तिथे बसत.

ग्रेसचं लग्न इगतपुरीला झालं. दर नाताळला तिचा डबा येई, तळलेल्या गोड कुलकुल्यांचा. हे आवडीने खात. मी एकही खाल्ला नाही.

हे शेवटच्या आजारात होते तेव्हा ती भेटायला आली. केस पांढरे, हातात काठी, आणि खांद्यावर रुमाल, या खेपेला निळा. तोवर ह्यांचा उजवा कानही पार मंदावला होता. तरी मी त्या बाजूच्या स्टुलावर बसून होते. ग्रेस खोलीभर पाहत उभी राहिली. मी ताडलं, तिला उजवीकडे यायचं होतं. तेवढा हक्क तिचा होता, हेही मला कळत होतं.

"या ना ग्रेसताई," मी म्हटलं आणि पलंगाच्या पलीकडे बोट दाखवलं. "तिकडे डावीकडे खुर्ची आहे. बसा."